तुम्ही विचारलंत म्हणून : टॅबलेटवरच्या जलरंगांत पाणी कुठे असते?

‘टॅबलेटवर रंगवता ते ठीक, पण त्याला जलरंग कसे म्हणायचे? त्यात पाणी कुठे आहे?’ हा प्रश्न माझी वस्तुचित्रे पाहणारे बहुतेक जण विचारतात. तुम्हीही विचारलात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझी सुरुवात कागदावरच झाली. पण बेळगावच्या पावसाळ्यात कागदावरचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, वाळता वाळत नाही. हवेतच इतका ओलावा असतो, की पहिला थर सुकेपर्यंत उजेड बदलून जातो आणि घाईने दुसरा थर चढवला तर खालचा रंग उचलला जाऊन सगळा चिखल होतो. अशाच एका जुलै महिन्यात मी टॅबलेट हाती घेतला. पाणी त्यातही आहे, मात्र ते गणिताचे आहे. रिबेल किंवा फ्रेस्को या चित्रे रंगवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ओला रंग किती पसरेल आणि शेजारच्या ओल्या रंगात कसा उतरेल, याचा हिशेब ब्रश फिरत असतानाच होत असतो. रिबेलमध्ये तर कागद तिरका केला की ओघळही त्या बाजूला वाहतो.

खरी अडचण पाण्याची नाही, पांढऱ्याची आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, आणि तो पहिल्या वॉशपासून राखावा लागतो. टॅबलेटवर पांढरा ठिपका केव्हाही वर ठेवता येतो, त्यामुळे राखण्याची सवयच सुटते. म्हणून मी पांढरा रंग आणि खोडरबर दोन्ही वर्ज्य केले आहेत. प्रत्येक लेअर, म्हणजे रंगाचा वेगळा थर, ‘मल्टिप्लाय’ या मिश्रणपद्धतीवर ठेवते. त्यामुळे वरचा रंग खालच्याला गडदच करू शकतो, उजळ करू शकत नाही, आणि कागदावरच्या पारदर्शक थरांची वागणूकही साधारण अशीच असते.

सध्या माझ्यासमोर खानापूरचे लाल मातीचे मडके आणि त्याला टेकून तांब्याचा गडू आहे. मडक्याला झिलई नाही, त्यामुळे त्याच्यावरचा उजेड कुठे संपतो ते बोट ठेवून दाखवता येत नाही. तिथे ओल्यात ओला रंग सोडावा आणि दाणेदार ब्रश वापरावा. गडूचे तसे नाही. त्याच्या काठावरची चकाकी तांदळाच्या कणीएवढी, पण कड सुरीने कापल्यासारखी. शिवाय मडक्याचा लाल रंग गडूच्या पोटावर उमटतो, आणि खिडकीतून आकाशाचा उजेड येत असल्यामुळे सावली काळी न दिसता निळसर जांभळी दिसते. नवशिके सावलीसाठी काळा घेतात. मल्टिप्लायवर तो खालचे सगळे रंग गिळतो.

नव्याने शिकणाऱ्यांना मी गोकाकची रंगवलेली खोटी फळे समोर ठेवायला सांगते, कारण पेरू-केळी चित्र पुरे होण्याआधीच काळी पडतात. आकार समजून घ्यायला ती उत्तम आहेत. साल शिकायची तर मात्र खरेच फळ हवे, रंगाची चकाकी सालीला नसते.

परवा गडूच्या काठावरची ती कणी राखायची राहून गेली आणि वॉशखाली बुडाली. वर पांढरा ठिपका ठेवला असता तर कोणाला कळलेही नसते. मी नवा कागद उघडला, आणि या वेळी मडक्याआधी गडू घेतला.