ढील

मासेमारीचं रीळ हातात आलं की माणूस आधी हँडल गरगर फिरवून बघतो. मीही तेच केलं होतं. लोण्यासारखं फिरलं, खोक्यावर बेअरिंगचा आकडाही भरभक्कम होता, घेऊन टाकलं. पुढे पहिला बऱ्यापैकी मासा लागला, त्याने धूम ठोकली आणि रीळ दोरी सोडेना. अडलं, हिसक्याने सुटलं, पुन्हा अडलं. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तुटल्याचा आवाज तसा मोठा नसतो. टक्. वाकलेला रॉड सरळ होतो आणि हाताला एकदम हलकं हलकं लागतं. फार वाईट हलकं.

तेव्हापासून मी रीळ ओढतं कसं यापेक्षा सोडतं कसं ते आधी बघतो. पतंग उडवलेल्याला ढील म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. रिळात ती ढील ड्रॅग देतो. चकत्यांचा ब्रेकच तो. माशाचा जोर ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, घसरतं आणि दोरी देतं. दोरी जेवढ्या वजनाला तुटते त्याच्या पाव ते एक तृतीयांशावर तो लावायचा. म्हणजे ९ किलोच्या दोरीला फार तर ३ किलो. मग खोक्यावर ‘कमाल ड्रॅग १५ किलो’ असं ठळक छापतात ते कुणासाठी? १५ किलोचा ओढा निसरड्या खडकावर उभं राहून पेलून बघावा एकदा. मी ड्रॅग थोडा सैल करतो, दोरीचं टोक बोटाला गुंडाळून हळूच ओढतो. स्पूल न अडखळता निघालं तर पुढची बोलणी.

रिळाच्या दोन जाती, मल्टिप्लायर आणि स्पिनिंग. यातलं कुठलं घ्यायचं, हा वाद मी माझ्यापुरता मिटवलाय. मल्टिप्लायरमध्ये फेकताना स्पूल स्वतः फिरतं. अंगठ्याचा दाब जरा चुकला की स्पूल दोरीच्या पुढे धावतं आणि क्षणात आत असं गुंतवळ होतं की भरतीची सगळी वेळ ते सोडवण्यातच जाते. होडीवरून जड वजन खाली सोडायचं असेल तर त्याला तोड नाही, हे कबूल. पण किनाऱ्यावरून हलकं आमिष लांब फेकायला स्पिनिंगच बरं. फेकताना त्याचं स्पूल जागचं हलत नाही. दोरी टोकावरून वेटोळी उलगडत निघून जाते. इंग्लंडमधल्या इलिंगवर्थ नावाच्या एका गिरणीवाल्याने १९०५ साली अशा रिळाचं पेटंट घेतलं होतं. उभ्या रिळावरून सूत सरसर निघताना रोज बघणाऱ्याला हे सुचलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

मापाचं म्हणाल तर रिळावर आकडा असतो: हलक्या कामाला ४००० ते ५०००, दांडग्या माशाला ८०००च्या पुढे. मात्र एका कंपनीचं ५००० दुसरीच्या ५०००एवढंच असेल असं नाही. दिवसभर फेकायचं असेल तर वजन मनगटाला विचारावं. गिअर ६.२:१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात रोटर, म्हणजे स्पूलभोवती दोरी गुंडाळणारा भाग, सहा वेळा फिरतो, आमिष झपाट्याने परत येतं. जड मासा वर खेचायला मात्र कमी गिअर सोयीचा.

आणि मीठ. समुद्राच्या रिळाचा खरा शत्रू मासा नव्हे. बेअरिंग १० आहेत की ४, यापेक्षा ती खाऱ्या पाण्यापासून बंदिस्त आहेत का, एवढंच मी हल्ली विचारतो. जास्त बेअरिंग म्हणजे गंजायला जास्त जागा, असं माझं कुत्सित मत आहे.

घरी आलो की जेवायच्या आधी रीळ. ड्रॅग घट्ट आवळायचा, म्हणजे चकत्यांत पाणी शिरत नाही. मग गोड्या पाण्याची बारीक धार. जोराच्या फवाऱ्याने मीठ निघण्याऐवजी आत ढकललं जातं. पुसून झालं की ड्रॅग पुन्हा सैल, चकत्या दबून राहू नयेत म्हणून. शेवटी हँडल एकदा फिरवतो, अगदी कानाशी धरून. काल रात्री आतून बारीक कर्र आलं. कणभर वाळू असणार. आज उघडायला घेतलंय, आणि एक स्प्रिंग टेबलाखाली उडालीय.