रिकाम्या ॲम्प्युल टाकायच्या नाहीत

जीएनएमचा (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) ३ वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून मी मराठवाड्यातील एका शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून रुजू झाले. पहिले काही महिने प्रसूतिपश्चात कक्षात दिवसपाळी मिळाली आणि आपल्याला काम येते, असा माझा समज झाला. अपघात विभागातील रात्रपाळीने तो पहिल्याच महिन्यात मोडून काढला. सकाळची पाळी ८ ते २, दुपारची २ ते ८, पण रात्रीची मात्र सलग बारा तासांची. त्या बारा तासांत विभागात एक वैद्यकीय अधिकारी, मी, एक मामा (वॉर्डबॉय) आणि एक मावशी (आया), एवढेच असायचो.

आमच्या भागात साप चावला असे रात्री कोणी म्हणत नाही. ‘पान लागलं’ म्हणतात. कीटकनाशकाला सगळेच ‘औषध’ म्हणतात, त्यामुळे नातेवाइकांनी ‘औषधाची बाधा झाली’ असे सांगितले, तरी ते फवारताना अंगावर गेले की पोटात गेले, हे त्यातून कळत नाही आणि दारातच ते विचारूही नये. ही बोली मला घरूनच येत होती, कारण मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातली; पण तो शब्द कानावर पडताच हात कोणत्या कप्प्याकडे गेला पाहिजे, हे अंगवळणी पडायला वेळ लागला. विंचवाचे त्या मानाने सोपे गेले. विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर रूढ करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, हे आमच्याकडे नव्या सिस्टरला गोळ्यांच्या कप्प्यासोबतच सांगितले जाते.

माझ्या हातून चूक झाली ती पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात. दिवसभर कपाशीवर फवारणी केलेल्या एका शेतकऱ्याला रात्री दहाच्या सुमारास आणले. पंप पाठीवर गळत राहिला होता, सदरा भिजलेला होता, तोंडाला लाळ आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मामांनी कपडे उतरवून साबणाच्या पाण्याने अंग धुवायला घेतले आणि डॉक्टरांनी या विषावरचे उताऱ्याचे औषध, ॲट्रोपिन, सुरू केले. एका ॲम्प्युलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या छोट्या बंद कुपीत, ते ०.६ मिलिग्रॅम असते. आधी ३ ॲम्प्युल, पाच मिनिटांनी सुधारणा नसेल तर दुप्पट म्हणजे ६, आणि पुन्हा पाच मिनिटांनी १२, अशी ती चढती मात्रा होती. बारा भरत असतानाच मोटारसायकलवरून पडलेल्या एका मुलाला आत आणले आणि त्याच्या कपाळावर गॉज दाबून धरायला मला जावे लागले. परत आले तेव्हा सिरिंज रिकामी होती, पण मी किती ॲम्प्युल भरून किती दिल्या होत्या, ते मला सांगता येईना. रिकाम्या काचा सवयीने निळ्या डब्यात टाकल्या होत्या, आणि त्यात दुपारच्या पाळीच्याही होत्या. डॉक्टरांनी पुढचा निर्णय छातीतला आवाज, नाडी आणि काखेतला कोरडेपणा पाहून घेतला, जे एरवीही करायचेच असते, आणि तो माणूस वाचला. नोंदवहीत मात्र एकूण मात्रेपुढे माझ्या हस्ताक्षरात ‘अंदाजे’ हा शब्द आहे. शेजारच्या कक्षातून मदतीला आलेल्या ज्येष्ठ सिस्टर रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, “रिकाम्या ॲम्प्युल लगेच टाकायच्या नाहीत गं. पेशंट स्थिर होईपर्यंत किडनी ट्रेमध्ये ओळीनं मांडायच्या.”

तेव्हापासून मी मांडू लागले. डाव्या मनगटावर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर वेळ लिहायचीही सवय लावून घेतली, कारण कागद हरवतो आणि मनगट हरवत नाही. रात्रपाळीतले बाकीचे त्रास, म्हणजे उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की न लागणारी झोप आणि पहाटे चारनंतरचे जड डोके, यांबद्दल फार काही लिहिण्यासारखे नाही. ते सगळ्यांनाच सोसावे लागतात.

हिवाळ्यात एकदा, शेतीपंपाची वीज रात्रीची असल्यामुळे गव्हाला पाणी द्यायला गेलेल्या एका माणसाला पान लागले. दोन वाजून दहा मिनिटांनी तो आला. पाय घोट्यापर्यंत सुजलेला आणि हिरड्यांतून रक्त. घोणस असावी, असा डॉक्टरांचा कयास होता. अशा वेळी रक्त गोठते का हे पाहायला २ मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे मुळीच न हलवता ठेवायची असते. प्लास्टिकची नळी चालत नाही. सलाइन सुरू होते, तपासणी चालू होती, तरी नातेवाइकांना दिसत होती ती टेबलावरची नळी आणि तिच्याकडे पाहत उभी असलेली मी. “अवं बाई, नुसतं बघत काय उभ्या राहिलाव?” असे त्याच्या भावाने विचारले, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारले असते. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली, तेव्हा रक्त न गोठता पाण्यासारखे ओघळले.

सर्पदंशाच्या लसीची भुकटी असते. १० कुप्या, प्रत्येकीत १० मिलिलिटर पाणी. आणि घाई कितीही असली तरी कुपी जोरात हलवायची नाही, कारण फेस होतो. दोन्ही तळव्यांमध्ये धरून ती वळत राहायची. मावशींनी एक कुपी माझ्याकडून पाहून घेतली आणि दुसरी तशीच वळू लागल्या. रिॲक्शन आली तर हाताशी असावे म्हणून ॲड्रेनॅलिन भरून ठेवले आणि तासाभरात सगळी मात्रा सलाइनमधून गेली. रक्त गोठण्याची चाचणी पुन्हा सहा तासांनी, म्हणजे सकाळच्या पाळीत करायची होती.

आठ वाजता कामाचा ताबा देताना मी मनगटावरच्या वेळा वाचून दाखवल्या. सकाळच्या सिस्टरनी सही करण्याआधी ट्रेमधल्या रिकाम्या कुप्यांवरून बोट फिरवले, “दहा,” असे स्वतःशीच म्हटले आणि मग त्या निळ्या डब्यात टाकल्या.