खड्यांच्या आड

मावशींची कावीळ खड्यांचीच, याबद्दल कुणाला शंका नव्हती. एमआरसीपीमध्ये, म्हणजे पित्तमार्गाच्या एमआरआय तपासणीत, पित्तनलिकेत खडे स्पष्ट दिसत होते. एरवी 6-7 मिमी असणारी नलिका 16 मिमीपर्यंत फुगली होती. खाजवून खाजवून दंडावर ओरखडे उठलेले. तरुणपणी अल्सरसाठी जठराचं ऑपरेशन झाल्यामुळे आतड्याची वाटच बदललेली, त्यामुळे तोंडावाटे दुर्बीण घालून खडे काढणं जमलं नाही. शेवटी पोट उघडायचं ठरलं.

पित्ताशय काढलं, नलिकेला उभा छेद दिला. गढूळ पित्त आलं, पाठोपाठ खडे. सलाइनने नलिका धुऊन घेतली. इथे एक्स-रे काढून नलिका शिवून टाकता येते, पण मला तेवढ्यावर थांबवत नाही. एक्स-रेत दिसते ती सावली. ती खड्याची, हवेच्या बुडबुड्याची की गाठीची, हे दर वेळी ओळखता येतंच असं नाही. म्हणून 5 मिमी जाडीचा कोलेडोकोस्कोप, म्हणजे थेट पित्तनलिकेत घालायची दुर्बीण, मागवला. सिस्टर तो दोन्ही हातांवर तोलून देतात. जरा जास्त वाकला तरी आतले तंतू तुटतात.

आधी वर, यकृताच्या दिशेने गेलो. उजव्या-डाव्या शाखा स्वच्छ. मग खाली वळलो. शेवटच्या टोकाला स्नायूंचं कडं उघडझाप करताना दिसायला हवं. त्याच्या अलीकडेच, एका भिंतीवर, सलाइनच्या धारेत शेवाळासारखं काहीतरी हलत होतं. लालसर, झुपकेदार. भूलतज्ज्ञही उठून स्क्रीनजवळ आले.

दुर्बिणीतूनच चिमटा घालून तुकडे घेतले आणि फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या तातडीच्या तपासणीला, पाठवले. पॅथॉलॉजिस्टचा फोन आला: "पेशी फार बिघडल्यात. कॅन्सर नाही असं मी म्हणणार नाही."

मी बाहेर गेलो. मुलाने विचारलं, "डॉक्टर, निघाले ना खडे?"

"खडे निघाले, दादा. पण आत आणखी एक गोष्ट सापडलीय."

व्हिपलसारखं, पित्तनलिकेबरोबर स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा भागही काढण्याचं मोठं ऑपरेशन त्याच टेबलावर, घरच्यांशी नीट बोलणं झालेलं नसताना आणि कावीळ उतरलेली नसताना करायचं नाही, हे आम्ही ठरवलं. पित्त बाहेर काढणारी नळी, टी-ट्यूब, ठेवून पोट बंद केलं. कावीळ उतरल्यावर मोठ्या केंद्रात व्हिपल झालं. कॅन्सरच होता, पण नलिकेच्या भिंतीबाहेर गेला नव्हता, आणि काढलेल्या लसिकाग्रंथीही स्वच्छ निघाल्या. नुसते खडे काढून मावशींना घरी पाठवलं असतं, तर कावीळ पुन्हा आली असती आणि तोवर तो कुठवर पसरला असता, कोण जाणे.