निमाडच्या उन्हात गाडीतला फ्रिज

मे महिन्यात निमाडात, म्हणजे नर्मदेकाठच्या सखल पट्ट्यात, तंबू ठोकू नये, हे इंदूरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. परंतु मुलांची सुट्टी, पुण्याच्या आत्येभावांचे येणे आणि दादाची रजा हे तिन्ही योग जुळतात ते मेमध्येच, आणि शिवाय या वेळी आमचा एक अंतस्थ हेतूही होता. पावसाळा सरल्यावर सातपुड्यात सलग काही दिवस गाडीने भटकायचा बेत घरात शिजत आहे आणि त्यासाठी गाडीत मावेल असा लहान फ्रिज घ्यायचा आहे. वातानुकूलित दुकानात उभे राहून असला फ्रिज पारखता येत नाही. तो जिथे हरण्याचा संभव सर्वांत जास्त, तिथेच त्याला नेले पाहिजे, असे माझे म्हणणे होते. म्हणून महेश्वरजवळ सहस्रधारेच्या अलीकडे एका परिचितांच्या शेतावर मुक्काम ठरला आणि नातेवाइकांत ज्याच्याकडे जे साधन होते ते गाड्यांत चढले. आमचा जाड भिंतींचा आइसबॉक्स, ताईच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या भाऊजींचा, लायटरच्या सॉकेटवर चालणारा थंड डबा आणि दादाने मित्राकडून मागून आणलेला ४० लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज. प्रत्येकात मी एकेक डिजिटल तापमापक ठेवून दिला.

पहाटे निघून महूमार्गे जाम घाट गाठला. विंध्याच्या कड्यावर अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला जाम दरवाजा आहे, आणि त्याच्या कमानीतून खाली पाहिले की मालवा कुठे संपतो आणि निमाड कुठे सुरू होतो, हे नकाशावाचून कळते. पावसाळ्यात इथे भाजलेल्या कणसांच्या गाड्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते. त्या सकाळी आमच्याशिवाय चार माकडे तेवढी होती. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, तर महेश्वर दीडशेच्या आसपास. कोरडी हवा दर शंभर मीटर खाली उतरताना जवळपास एका अंशाने तापते, या हिशेबाने घाट उतरणे म्हणजे चारेक अंश जास्त उष्णता पत्करणे होय. शब-ए-मालवाचे, म्हणजे मालव्यातल्या थंड रात्रींचे, जे कौतुक आहे, ते घाटाच्या वरच राहते.

फ्रिजच्या निवडीशी या चार अंशांचा थेट संबंध आहे. चांगल्या फ्रिजच्या माहितीपट्टीवर त्याचा हवामान वर्ग अक्षरांत दिलेला असतो: ‘एन’ म्हणजे बाहेरचे तापमान ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत आणि ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत. युरोपातल्या उन्हाळ्यासाठी घडवलेले यंत्र ‘एन’ वर्गात समाधानाने नांदते. मंडलेश्वरच्या रस्त्यावर दुपारी त्याची काय गत होईल, ते सांगायला नको. ग्राहक सहसा लिटर किती ते आधी विचारतात. माझ्या मते आधी हे अक्षर शोधावे, लिटर शेवटी पाहावेत.

भाऊजींच्या डब्याचा निकाल पहिल्या दुपारीच लागला. दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज वाहू लागली की एका टोकाला उष्णता शोषली जाते आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडते, हे ज्याँ पेल्तिए या फ्रेंच माणसाने १८३४ मध्ये नोंदवले; हे डबे त्याच तत्त्वावर चालतात. आता धातूंच्या जागी अर्धवाहकांची पातळ चकती असते एवढेच. त्यात पंख्याखेरीज हलणारा भाग नाही, वजन कमी, किंमतही आवाक्यातली. मात्र असा डबा बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १५ ते २० अंश खाली उतरतो. दुपारी दोन वाजता कडुनिंबाच्या सावलीत पारा ४३ वर होता आणि डब्यात २४ अंश होते.

“वीस अंश थंड करतो, असे दुकानदाराने सांगितले होते,” भाऊजी म्हणाले.

“मग तो खोटे बोलला नाही,” असे म्हणत दादाने दोन्ही तापमापक त्यांच्यापुढे धरले.

दूध, पनीर, श्रीखंड यांना ५ अंशांच्या खाली ठेवायचे असते. २४ अंशांवरचे दूध फ्रिजमध्ये आहे असे म्हणता येत नाही, ते नुसते डब्यात आहे. बरे, विजेची बचत तरी व्हावी, तर तीही नाही. साध्या डब्यांना तापमान पाहून थांबण्याची सोय नसते. तो गाडीच्या १२ व्होल्टवर अखंड ४ अँपिअर, म्हणजे ४८ वॉट, ओढत राहतो आणि दिवसभरात ११५० वॉट-तास खातो. लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरावी असे धरले, तर साडेचार तासांत इंजिन चालू करण्याची वेळ येते.

आइसबॉक्सकडे मात्र लोक उगाच हिणवून पाहतात. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो, म्हणजे सुमारे ९३ वॉट-तास. दहा किलोंच्या लादीत अशी ९३० वॉट-तासांची थंडी साठवलेली असते, आणि बॉक्सच्या भिंतींतून व झाकणातून सरासरी २० वॉट उष्णता आत शिरत असेल तर ती लादी जवळपास दोन दिवस तग धरते. त्यासाठी काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. बॉक्स आदल्या रात्री आतून थंड करून घ्यावा, सामान घरच्या फ्रिजमधून थेट त्यात जावे, आणि बर्फ चुरा करून न घालता अखंड लादी ठेवावी, कारण तुकडे केले की पृष्ठभाग वाढतो आणि तो भराभर वितळतो. लादीचा बर्फ पिण्यासाठी केलेला नसतो. तो पन्ह्यात घालू नये आणि उघडे अन्न त्याला लागू देऊ नये. आमच्या बॉक्समध्ये तळाशी २ अंश होते, तर झाकणाजवळ ९, त्यामुळे दूध खाली आणि आंबे वर अशी उतरंड रचावी लागली. मुले दर अर्ध्या तासाने झाकण उघडून लादी शाबूत आहे ना ते पाहत होती, ही निराळीच गळती. तरीही एका रात्रीच्या सहलीला मी आइसबॉक्सच नेईन आणि फ्रिजचे पैसे वाचवीन. महेश्वरच्या बाजारात बर्फ पुन्हा मिळतो. सातपुड्याच्या जंगलात तो मिळणार नाही, आणि आमचा प्रश्न नेमका तिथला आहे.

दादाने आणलेल्या फ्रिजचे यंत्र घरच्या फ्रिजसारखेच असते, फक्त कॉम्प्रेसर लहान आणि १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा. ४ अंशांवर लावला होता; दिवसभर तो ३ आणि ६ यांच्या दरम्यान राहिला. चालू असताना ४५ ते ५० वॉट लागतात. पण या यंत्राचा खर्च वॉटवरून कळत नाही, तासातली किती मिनिटे ते चालते यावरून कळतो. दुपारी ते तासाला चाळीसेक मिनिटे घुमत होते, पहाटे पंधरा-वीस. सरासरी निम्मा वेळ धरला तर दिवसाकाठी साधारण ५५० वॉट-तास होतात. झाकण वर उघडणारे असल्यामुळे थंड, जड हवा आतच बसून राहते. उभ्या दाराच्या फ्रिजमधून ती दर वेळी पायांवर सांडते.

शेतमालकांच्या घरचे दाल-पानिये आणि आमच्याकडचा आमरस असे जेवण होऊन सगळे आडवे झाले, आणि मध्यरात्रीच्या सुमारास फ्रिजने पिप-पिप करून बॅटरी संपल्याची सूचना दिली. सकाळी गाडी ढकलावी लागणार, असे भाऊजींनी जाहीर करून टाकले. दादाने मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर १२.३ व्होल्ट होते. फ्रिजच्या पिनेजवळ मात्र जेमतेम ११.३. फ्रिज तंबूजवळ ठेवता यावा म्हणून जी पाच मीटरची वाढीव वायर जोडली होती, तिच्यात हा एक व्होल्ट जिरत होता. हिशेब साधा आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये ०.१८ ओहम रोध असतो. ५ अँपिअर वाहू लागले की ०.९ व्होल्ट तिथेच जातात आणि उरलेले सॉकेटच्या सैल स्पर्शात. घरच्या २३० व्होल्टमध्ये एका व्होल्टला कोणी विचारत नाही, बारांमध्ये तो सर्वस्व असतो. हीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची असती तर ०.४ व्होल्टही गेले नसते.

असल्या फ्रिजांना बॅटरी-रक्षणाचे बहुधा तीन टप्पे असतात. ‘उच्च’ टप्प्यावर फ्रिज लवकर बंद होतो आणि गाडीची बॅटरी वाचते; ‘नीच’ टप्प्यावर तो बॅटरी बराच वेळ पिळत राहतो. फ्रिज गाडीच्याच बॅटरीवर असेल तर उच्च टप्पा योग्य, वेगळ्या बॅटरीवर असेल तर नीच. बारीक वायरीमुळे मात्र यंत्राची समजूतच चुकते आणि कोणताही टप्पा निरर्थक ठरतो. त्या रात्री फ्रिज मागच्या सीटवर नेऊन त्याच्या मूळ आखूड वायरीवर जोडला आणि तो सकाळपर्यंत निमूट चालला.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर येण्याआधी सहस्रधारेवर जाऊन आलो. उन्हाळ्यात खडक उघडे पडतात आणि नर्मदा त्यांच्यातून असंख्य धारांनी वाट काढते. सहस्रार्जुनाने हजार हातांनी तिला अडवले आणि ती बोटांच्या फटींतून निसटली, ही कथा तिथे प्रत्येक नावाडी सांगतो. वरच्या अंगाला ओंकारेश्वरचे धरण आहे आणि तिथून पाणी सोडले की पात्र अचानक भरते, म्हणून तंबू नदीच्या वाळवंटात न ठोकता शेतावर ठोकला होता.

परतल्यावर सूर्यपटलाचा, म्हणजे सोलर पॅनेलचा, प्रयोग केला. १०० वॉटचे पटल उन्हात हवे आणि फ्रिज सावलीत, त्यामुळे पुन्हा लांब वायर आली आणि पुन्हा जाडीचा प्रश्न आला. शिवाय पटल स्वतः तापले की २५ अंशांच्या पुढे दर अंशाला त्याचे उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घटते. म्हणजे निमाडात ज्या वेळी फ्रिजला सर्वाधिक वीज हवी, त्याच वेळी पटल थोडे हात आखडते. तरी दिवसाला ४०० वॉट-तास आले तरी बराच भार हलका होतो. फ्रिजच्या जाळीभोवती वीतभर मोकळी जागा ठेवणे हेही याच जमाखर्चात येते. डिकीत जाळीला गाद्या टेकवल्या की गरम हवेला वाट राहत नाही आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही.

या सगळ्याचे खरे कारण मात्र आमरस नसून काकांचे इन्सुलिन आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेले पेन काही आठवडे फ्रिजबाहेर चालते, पण त्याच्या पत्रकात सहसा ३० अंशांची कमाल मर्यादा दिलेली असते आणि ती निमाडात सकाळी आठलाच ओलांडली जाते. दुसरीकडे ते गोठले तर टाकूनच द्यावे लागते. कॉम्प्रेसरच्या फ्रिजमध्ये भिंतीलगत तापमान शून्याखाली जाऊ शकते, म्हणून इन्सुलिन कापडात गुंडाळून, डब्यात घालून मधोमध ठेवले होते. काकू तरीही दर दोन तासांनी तापमापक वाचत होत्या, आणि त्यांचे बरोबरच होते. यंत्र बंद पडलेच तर हाताशी असावी म्हणून पाण्यात भिजवून वापरायची पिशवीही घेतली होती; कोरड्या हवेत पाणी उडून ती माठासारखी थंड होते, पण ८ अंशांपर्यंत काही उतरत नाही.

गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचा विचार आम्ही फार वेळ केला नाही. बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधलेली ती युक्ती सुंदर आहे: ज्योतीची उष्णता देऊन अमोनियाकडून थंडी काढायची, आणि आवाज अजिबात नाही. परंतु तो समपातळीवर ठेवावा लागतो, बंद तंबूत ज्योत पेटती ठेवता येत नाही आणि कडक उन्हात तोही दमतो.

परतीच्या वाटेवर जाम घाट चढता चढता आमची यादी ठरली. फ्रिज ३५ ते ४० लिटरचा, ‘टी’ वर्गाचा, वर उघडणारा आणि एकाच कप्प्याचा. दोन कप्प्यांचा घेतला तर आइसक्रीमच्या हौसेपायी भाजीची जागा जाते. पण सगळ्यांत आधी वायर. महाराणी रोडवरून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली आहे आणि आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने ती बॉनेटपासून डिकीपर्यंत ओढून बॅटरीलगत फ्यूज बसवला आहे, कारण मध्ये कुठे वायर सोलली गेली तर फ्यूजच गाडी वाचवतो. त्यानंतर १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी येईल. तिच्यातले १२८० वॉट-तास सूर्यपटल नसले तरी दोन दिवस पुरतात. फ्रिज दिवाळीच्या सुमारास घेऊ, तोवर दादाच्या मित्राचा त्याला परत केला आहे.

भाऊजींचा डबा टाकून द्यायचा नाही, असे ताईने बजावले आहे. त्यातला प्रवाह उलटा करायचे बटण आहे आणि मग तोच डबा आतून गरम होतो. डिसेंबरात मांडूला जाताना त्यात सकाळचे पोहे ठेवायचे ठरले आहे.