आठ वर्षांचा, आणि अजून पळतोय

रविवारी नाशिकहून पहाटेची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर गेलो ते एका घोड्यासाठीच. इंडियन डर्बी ही तिथली मोठी शर्यत फक्त चार वर्षांच्या घोड्यांची, हा आठ पूर्ण, त्याच्या वयाचे बहुतेक कधीच घरी बसले आणि हा अजून रेसमध्ये. पॅडॉकला, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथे, शेजारी एक जण म्हणाला, म्हाताऱ्याला कशाला पळवतायत. मला ते फार लागलं. डोळ्यांवर खळगे पडलेत हे खरं, पुढच्या दोन्ही पायांना बँडेज, पण कान पुढे आणि लगाम धरून फिरवणाऱ्या सईसला ओढत नेत होता. चौथा आला, शेवटच्या दोनशे मीटरला तिघांना मागे टाकून.

आमच्या आजोबांचा नाशिकरोड स्टेशनला टांगा होता. ते सकाळी जुंपायच्या आधी घोड्याच्या गुडघ्याखाली हात फिरवून मागची शीर चाचपायचे, गरम लागली की त्या दिवशी टांगा बंद, घरात कितीही ओढाताण असू दे. वय किती हा प्रश्न नंतरचा.

हँडिकॅप रेसमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवून पळवतात त्यात, जिंकला की रेटिंग वाढतं, पाठीवरचं वजन वाढतं, हरत गेला की क्लास उतरतो, म्हणजे खालच्या श्रेणीच्या रेसमध्ये जातो. वय झालेल्या घोड्याला हे बरं, झेपेल अशी सोबत मिळते. पण मला भीती पण त्याचीच वाटते, खाली अजून एक क्लास आहेच म्हणून पळवतच राहिले तर थांबवणार कोण? त्यात हा खच्ची केलेला, म्हणजे घोडीला किंवा चांगल्या नराला पुढे पैदाशीचं स्टड फार्म असतं तसं याला काही नाही.

अमेरिकेतला जॉन हेन्री हा घोडा पण असाच खच्ची, १९८४ ला नऊ वर्षांचा असताना तिकडचा हॉर्स ऑफ द इयर झाला. इंग्लंडमधला रेड रम तर बाराव्या वर्षी, १९७७ ला, तिसऱ्यांदा ग्रँड नॅशनल ही तिकडची अडथळ्यांची लांब शर्यत जिंकला, खुराचं दुखणं असून, त्याला समुद्रकाठच्या वाळूत पळवायचे ते मानवलं. पण मला जास्त आवडतं ते जॉन हेन्रीचं नंतरचं, केंटकीच्या हॉर्स पार्कमध्ये ठेवला होता, लोक भेटायला जायचे, २००७ ला गेला तेव्हा ३२ वर्षांचा होता.

पावसाळ्यात पुण्याचा सीझन सुरू होईल. तेव्हा यादीत याचं नाव नसलं तरी मला चालेल, फक्त मालकाने त्याला कुठे ठेवलाय ते कळायला हवं, मी नाशिकहून जाऊन बघून येईन.