अर्ली एक्स्टेंशन: सेव्हन आयर्नवर सुटलं, ड्रायव्हरवर अडलं

गोल्फच्या स्विंगमध्ये क्लब खाली येताना ओटीपोट बॉलकडे सरकतं आणि शरीर वेळेआधी उठतं, ते अर्ली एक्स्टेंशन. माझी ही खोड काढताना सेव्हन आयर्नचा (मधल्या लांबीचा क्लब) व्हिडिओ अखेर मनासारखा आला. कॅमेरा नेहमीचाच: डाउन द लाइन (टार्गेटच्या रेषेत, मागून), हातांच्या उंचीवर, सेकंदाला 240 फ्रेम. ॲड्रेसला (बॉलसमोर पवित्रा घेतल्यावर) नितंबांमागे व्हिडिओवर काढलेली उभी रेघ इम्पॅक्टपर्यंत (क्लब बॉलला लागेपर्यंत) सुटत नाही, डावा नितंब तिला टेकलेला असतानाच बॉल निघतो. पण ड्रायव्हर (सगळ्यात लांब क्लब) हातात घेतला की रेघ आणि शरीर यांच्यात चांगली चार बोटं फट. फेरी संपल्यावर उजवीकडे, पट्ट्याच्या जरा वर, तीच ठणक.

उजवीकडेच का, हे आधी बघू (उजव्या हाताने खेळणारा धरून). डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली येताना) धड उजवीकडे कललेलं असतं आणि त्याच वेळी डावीकडे वेगाने वळत असतं. त्यात ओटीपोट बॉलकडे सरकलं की कंबर मागेही वाकते. तिन्ही एकदम झालं की दाब उजव्या बाजूच्या फॅसेट सांध्यांवर (मणक्यांना मागून जोडणारे छोटे सांधे) पडतो. कमरेचे पाचही मणके मिळून एका बाजूला जेमतेम 10 ते 15 अंश वळतात. बाकीचं वळण छातीच्या मणक्यांनी आणि खुब्यांनी द्यायचं. त्यांनी दिलं नाही, तर ते कमरेकडून वसूल होतं. ठणक पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर मात्र ड्रिल वगैरे सगळं बंद आणि आधी ऑर्थोपेडिक.

आता कारणाचा माग. पहिला संशय चवड्यांवरच्या वजनाचा. ॲड्रेसला बुटातल्या बुटात पायाची बोटं मोकळी हलली, तर वजन जागेवर, लेसच्या गाठीखाली आहे. ते होतं. दुसरा संशय स्टीप शाफ्टचा (शाफ्ट म्हणजे क्लबची दांडी): क्लब फार उभा खाली आला की त्याला जागा करून द्यायला शरीर आपोआप उठतं. व्हिडिओत शाफ्ट उजव्या कोपरातून नीट खाली येतोय, म्हणजे तेही नाही. उरला डावा खुबा.

त्याचं आतलं वळण घरी मोजता येतं. खुर्चीवर बसायचं, गुडघा काटकोनात, मांडी जराही न हलवता पाऊल बाहेरच्या बाजूला न्यायचं. नडगीवर फोन धरून अँगलच्या ॲपमध्ये बघायचं. साधारण 35 ते 45 अंश यायला हवेत. उजवा व्यवस्थित भरला, डावा जेमतेम 25. एवढ्याशा जागेत ओटीपोट डाव्या पायावर पुरतं वळूच शकत नाही. मध्येच अडतं, आणि मग पुढे आणि वर एवढीच वाट उरते.

म्हणून डावं पाऊल 30 अंश बाहेर उघडलं. मांडीचं हाडच तेवढं बाहेर वळलं की खुब्याला वळायला तितकी जागा वाढते. गुडघाही पावलाच्याच दिशेला हवा. तो आत राहिला, तर पीळ गुडघ्यात जातो. भिंतीचं ड्रिल (टाचा भिंतीपासून चार-पाच इंच, हात छातीवर, बॅकस्विंगला म्हणजे क्लब मागे नेताना उजवा नितंब भिंतीवर, खाली येताना उजवा सुटायच्या आत डावा टेकलेला) आधीपासून चालूच होतं, पण लागू पडलं ते पाऊल उघडल्यावर. खुब्यात जागाच नसेल, तर नुसत्या ड्रिलने काही होत नाही, हे माझं ठाम मत.

मग ड्रायव्हरवर काय बिघडतं? स्टान्स. ड्रायव्हरला टाचा खांद्यांच्या बाहेर जातात, पाय जितके फाकतात तितकं ओटीपोटाचं वळण कमी होतं, आणि पाऊल उघडून कमावलेली जागा तिथेच खर्च होते. त्यात बॉल डाव्या टाचेसमोर, म्हणून धड सुरुवातीलाच उजवीकडे कललेलं. दोन टाचांच्या आतल्या कडांमध्ये खांद्यांइतकंच अंतर ठेवल्यावर फट चार बोटांवरून दोनवर आली. यार्डेजमध्ये, म्हणजे फटक्याच्या अंतरात, डोळ्यांना जाणवेल असा फरक नाही!

पुढची पायरी म्हणून खांदे आणि नितंब यांच्यातलं सेपरेशन (वळणातला फरक) वाढवायचं ठरवलं होतं. ते रद्द. गोल्फ प्रशिक्षक जिम मॅक्लीन यांनी 1992 मध्ये एक्स-फॅक्टर (हेच सेपरेशन) मांडल्यापासून नितंब रोखून खांदे वळवायचा सोस वाढला, पण आखडलेल्या खुब्यांना तो परवडत नाही. हे लिहितानाच लक्षात आलं की उजवं पाऊल अजून टार्गेट लाइनला काटकोनातच आहे. तेही 10-15 अंश उघडायचं, आणि बॅकस्विंगला डावी टाच इंचभर उचलू द्यायची, म्हणजे ओटीपोट खांद्यांबरोबर मोकळं वळेल. जुन्या स्विंगमध्ये हेच होतं. अमेरिकन गोल्फपटू सॅम स्नीड टाच उचलायचे, आणि 1965 मध्ये वयाच्या 52 व्या वर्षी ग्रीन्सबरोची स्पर्धा जिंकले.

सामानाचं थोडक्यात. अलाइनमेंट स्टिकवर (दिशा तपासायची काठी) पैसे घालवू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातला 20 मिमी पीव्हीसी कंड्युट पाइप घ्या, चार-चार फुटांचे दोन तुकडे करा. हिंज (पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकणं) तपासताना पाइप डोकं, पाठ आणि माकडहाड अशा तिन्ही ठिकाणी टेकला पाहिजे. काँक्रीटवर थेट अंथरलेल्या पातळ मॅटवर आयर्न मारू नका, फॅट शॉटचा (बॉलच्या आधी जमिनीला लागलेला फटका) झटका मनगट-कोपरात जातो. गवताचा कोपरा मिळाला तर तोच धरा. कॅडी नसेल तेव्हा ट्रॉली ढकलायची, मागून ओढायची नाही. ओढताना एक खांदा मागे पिळलेला राहतो.

फिनिशला रिव्हर्स सी (कंबर मागे वाकून शरीराचा होणारा उलटा C) पूर्ण गेला. पट्ट्याचं बक्कल टार्गेटकडे, उजव्या बुटाचं फक्त टोक जमिनीवर, डोकं डाव्या पायाच्या वर, आणि बॉल पडेपर्यंत तसंच उभं राहता येतं.

आता ड्रायव्हर इंचभर खाली पकडून, तीन-चतुर्थांश स्विंग. फेस-ऑन (समोरून) कॅमेराही लावणार, कारण टाच उचलली की वरच्या टोकाला धड टार्गेटकडे कलायची भीती असते, आणि हा रिव्हर्स स्पाइन कमरेला अर्ली एक्स्टेंशनइतकाच वाईट. तसं दिसलं, तर टाच परत खाली आणि फक्त उजवं पाऊल उघडं.