जकात गेली, आकडेही गेले: पुण्याच्या बाजाराची मोजणी कशी करावी

३१ मार्च २०१३ पर्यंत पुण्यात शिरणाऱ्या मालाची नोंद जकात नाक्यावर व्हायची. कर म्हणून जकात जाचकच होती, ती गेली ते योग्यच झालं. पण तिच्याबरोबर शहराची नाडीही हातातून सुटली. कुठला माल किती आला, या आठवड्यात बाजार बसला की उठला, हे पालिकेला रोजच्या भरण्यावरून कळायचं. १ एप्रिल २०१३ पासून एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींखालची उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी सुरू झाला. तेव्हापासून राज्य सरकार पालिकेला नुकसानभरपाई देतं, तीही पायाभूत रकमेवर दरसाल ८ टक्के चक्रवाढीने. रविवार पेठेत उभं राहायला जागा नसो की दुकानदार माशा मारत बसलेले असोत, भरपाईच्या रकमेत फरक पडत नाही.

निर्णय मात्र थांबलेले नाहीत. पार्किंग कुठे बंद करायचं, पथविक्रेत्यांना जागा कुठे द्यायची, कुठल्या भागातले रस्ते आधी काँक्रीटचे करायचे, हे सगळे मुळात आर्थिक निर्णय आहेत. त्यांच्या प्रस्तावात आकडा असलाच तर तो बहुतेक वेळा जिल्ह्याचा असतो. जिल्हा उत्पन्नाचा अंदाज किंवा ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ ही चांगली कामं आहेत, पण त्यांत चाकण, रांजणगाव, बारामती, पिंपरी-चिंचवड सगळं एकत्र असतं. त्यावरून सदाशिव पेठेबद्दल काही ठरवता येत नाही. हिंजवडी पालिकेच्या हद्दीबाहेर आहे, तिथे कमावलेला पगार मात्र बाणेर-बालेवाडीत खर्च होतो. माणूस राहतो कुठे आणि राबतो कुठे, हे दोन आकडे वेगळे ठेवायलाच हवेत. दरडोई हिशेबात तर आणखी एक खड्डा आहे. २०११ च्या जनगणनेतली ३१,२४,४५८ ही लोकसंख्या जुन्या हद्दीची आहे. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली आणि त्यांपैकी फुरसुंगी व उरुळी देवाची पुन्हा वेगळी झाली. आजचा अंश आणि २०११ चा छेद असा भागाकार करून आलेलं उत्तर टाकून द्यावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या मोठ्या सर्वेक्षणाची वाट न पाहता पालिकेने आधी हाताशी असलेल्या नोंदी वापराव्यात. मात्र वापरण्याआधी प्रत्येक नोंद कशासाठी जन्माला आली ते पाहावं. नोंद कुठल्या बाजूला खोटं बोलते हे त्या कारणावरूनच कळतं.

मिळकतकर घ्या. बिगरनिवासी वापराला कर जास्त, त्यामुळे घराच्या तळमजल्यावर दुकान निघालं तरी मालक ते आपणहून कळवत नाही. म्हणजे कराच्या नोंदीत व्यवसाय नेहमी कमी दिसणार. स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळणारी ४० टक्क्यांची सवलत २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली, तेव्हा त्यासाठी मालकांकडून पीटी-३ नावाचे अर्ज मागवले गेले. कुठल्या मिळकतीत मालक राहतो आणि कुठली भाड्याने दिली आहे, याचा तो उत्तम माग आहे. पण ज्याने अर्ज भरला नाही त्याचं घर भाड्यानेच दिलंय असं धरू नका, अनेकांना अर्जाची गोष्टच माहीत नसते.

शॉप अ‍ॅक्टचं उलट. २०१७ च्या कायद्याने १० पेक्षा कमी (२०२५ पासून २० पेक्षा कमी) कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी झाली. तिचं नूतनीकरण नाही आणि दुकान बंद झालं तर कळवायला सहसा कुणी जात नाही. बँकेत चालू खातं उघडण्यापुरती काढलेली पावती वर्षानुवर्षं ‘जिवंत’ राहते, आकडा फक्त वर चढतो. छोट्या-मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची उद्यम नोंदणीही तशीच, १ जुलै २०२० पासून, मोफत आणि स्वयंघोषित. शिवाय एका पॅनला एकच नोंदणी, म्हणून तीन ठिकाणी शेड असलेला कारखानदार एकाच पिनकोडवर दिसतो. जीएसटीची उलाढाल राज्यात जिथे मुख्य पत्ता असेल तिथे जमा होते. वस्तूंसाठी ४० लाख आणि सेवांसाठी २० लाखांच्या खालचे त्यात येतच नाहीत, आणि पेठांमधले बरेच छोटे धंदे नेमके तेच असतात.

छोट्या उद्योगांसाठी मला सर्वांत भरवशाची वाटते ती महावितरणची जोडणी. लेथ आणि पॉवर प्रेसला थ्री फेज लागतो, बिल भरावंच लागतं आणि काम बंद पडलं की वापर त्याच महिन्यात खाली येतो. पालिकेने ग्राहकाचं नाव मागू नये. ग्राहकवर्ग, मंजूर भार, दरमहा युनिट आणि रोहित्राचं (ट्रान्सफॉर्मरचं) ठिकाण एवढं पुरे.

धायरी-नऱ्हे पट्टा उदाहरणाला घेऊ. धायरी २०१७ ला आणि नऱ्हे २०२१ ला हद्दीत आलं. तिथे शेड, गोदामं आणि सोसायट्या एकमेकांना खेटून उभ्या आहेत. अवजड वाहनांना कोणत्या वेळेत सोडायचं आणि ड्रेनेजची लाइन आधी कुठल्या रस्त्याला टाकायची, हा निर्णय आहे. त्यासाठी मिळकतकराची यादी आणि वीजजोडण्यांची यादी जुळवायची. नावावरून जुळवू नका, एकाच कंपनीचं नाव चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलेलं असतं. सर्व्हे नंबरवरून जुळवा. इथे एक्सेल घात करतं: ५/१२ हा सर्व्हे नंबर चिकटवला की ते त्याची ५ डिसेंबर ही तारीख करून टाकतं. रकाना नंतर ‘टेक्स्ट’ केला तर तिथे पाच आकडी अनुक्रमांक उरतो, मूळ नंबर परत येत नाही. म्हणून माहिती आणण्याआधी रकाना टेक्स्ट करायचा, आणि हिस्सा नंबर, उपहिस्सा वेगळ्या रकान्यांत फोडायचे. ‘३५/२अ’, ‘३५/२/अ’ आणि ‘३५-२-अ’ एकाच साच्यात आणल्याशिवाय जुळवणी सुरूच करू नये.

जुळवल्यावर चार ढीग पडतात. कर बिगरनिवासी आणि जोडणी औद्योगिक: पक्कं, तिथे जायची गरज नाही. कर निवासी पण जोडणी औद्योगिक: वापर बदललेला. कर बिगरनिवासी पण जोडणी पीडी, म्हणजे कायमची तोडलेली: शेड रिकामी असावी किंवा शेजारच्या मीटरवर चालत असावी. चौथा ढीग एकाच यादीत असलेल्यांचा. माणसं पाठवायची ती शेवटच्या तीन ढिगांकडेच. तिथे विचारायच्या गोष्टी थोड्या: काय बनतं, किती माणसं कोणत्या पाळीत, दिवसाला किती टेम्पो आणि सगळ्यांत मोठं वाहन कोणतं. उलाढाल विचारू नये, खरं उत्तर मिळणार नाही आणि पुढच्या प्रश्नांची दारंही बंद होतील.

याच कारणासाठी मोजणीला करसंकलन किंवा अतिक्रमण विभागाची माणसं पाठवणं ही मोठी चूक ठरते. एका शेडला नोटीस गेली की गल्लीतली बाकीची शटर दुसऱ्या दिवशी खाली असतात. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ नुसार गोळा केलेली माहिती सांख्यिकीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. हे मोजणीदाराने पहिल्या वाक्यात सांगावं आणि पालिकेने पाळावं. प्रसिद्ध करतानाही तक्त्याच्या ज्या चौकटीत पाचपेक्षा कमी उद्योग आहेत ती शेजारच्या चौकटीत मिसळावी. नाहीतर ‘फाउंड्री: १, कामगार: ४०’ अशी ओळ छापली की तो कोण, हे सगळ्या गावाला कळतं.

आकडे प्रभागावर बांधू नयेत, हेही आग्रहाने सांगायला हवं. २०१७ ला ४१ प्रभाग आणि १६२ नगरसेवक होते, २०२२ साठी आखणी झाली ५८ प्रभाग आणि १७३ जागांची, आणि आता पुन्हा ४१ प्रभाग, पण १६५ जागा. संख्या तीच दिसली तरी सीमा त्याच नाहीत. ‘प्रभाग क्रमांक अमुकमध्ये दुकानं १५ टक्क्यांनी वाढली’ या वाक्यात वाढ दुकानांची की हद्दीची, ते सांगता येत नाही. नोंद सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबरवर ठेवा, किंवा नकाशावर २५० मीटरच्या चौकोनांचं जाळं टाका. प्रभागाची बेरीज शेवटी, ज्या दिवशी मागतील त्या दिवशीच्या सीमेने करा.

बाजारपेठेच्या रस्त्यावर मात्र कागद पुरत नाहीत, पायी फिरावं लागतं. लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन झाला, तेव्हापासून वाहनमुक्त रस्त्याची चर्चा अधूनमधून उठते. एका दिवसाच्या गर्दीवरून धंद्याचं काहीही सिद्ध होत नाही, ना बाजूने ना विरुद्ध. करायचं असेल तर बदलाच्या आधी निदान दोन महिने आणि नंतर वर्षभर मोजायला हवं. तळमजल्यावरचा प्रत्येक गाळा एका ओळीत: सिटी सर्व्हे नंबर, धंद्याचा प्रकार, उघडा, बंद की रिकामा. नमुना काढायच्या भानगडीत पडू नका. २०० गाळ्यांसाठी ५ टक्क्यांच्या आतबाहेर अचूकता हवी असेल तर नमुनाच १३२ चा लागतो, त्यापेक्षा दोघांनी दोन दिवसांत सगळेच मोजावेत. दुपारी १ ते ४ मोजू नका, पेठांमधली कित्येक दुकानं तेव्हा बंद असतात आणि ‘रिकामे गाळे’ विनाकारण फुगतात. पेठेपेठेचा सुट्टीचा वार वेगळा, तोही आधी विचारून घ्या. बंद दिसलेल्या गाळ्याकडे निराळ्या वारी, निराळ्या वेळी दोनदा जाऊन मगच ‘रिकामा’ लिहा.

पादचारी मोजायला दर तासाला १५ मिनिटं, दोन्ही फुटपाथ, एकच ठरलेली रेषा. गिऱ्हाईक कशाने येतं हे दुकानदाराला न विचारता गिऱ्हाइकालाच विचारा. दारासमोर लावलेली गाडी दुकानदाराला दिसते, बसमधून उतरून चालत आलेलं माणूस दिसत नाही. एका टप्प्यावर १०० जणांना विचारलं तर साधारण १० टक्क्यांच्या आतबाहेर उत्तर मिळतं. तुलनेला दुसरा रस्ता हवाच, पण फक्त कुमठेकर रस्ता घेऊ नका. तो शेजारी आणि समांतर आहे, लक्ष्मी रस्त्यावरून हललेली गाडी आणि गिऱ्हाईक तिथेच जाणार. त्याला परिणामाचा भाग म्हणून मोजा आणि तुलनेसाठी लांबचा घ्या.

आता पंचांगाकडे. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ते ८ नोव्हेंबरला येतं. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केली तर कापड आणि सोन्याच्या बाजारात मंदी आल्याचा भास होईल आणि ज्याला हवं तो ती वाहनबंदीच्या माथी मारेल. लक्ष्मीपूजनाआधीचे चार आठवडे यंदाचे आणि गेल्या वर्षीचे, अशी तुलना करा. पितृपक्ष आणि गणपतीचे दहा दिवस वेगळे काढा. अप्पा बळवंत चौकात जूनच्या सुरुवातीला वह्या-पुस्तकांची झुंबड असते, तिथली सरासरी जून धरून काढू नये.

काही व्यवहार कुठल्याच यादीत नीट बसत नाहीत. नवी पेठ, सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांवर अभ्यासिका, मेस, झेरॉक्स आणि कॉट बेसिसच्या खोल्या उभ्या आहेत. खोल्या निवासी, मेस बहुधा घरातूनच चालते. एका सदनिकेत पाच-सहा कॉट असतील तर पाणी, कचरा आणि आगीचा धोका तिथल्या कागदावरच्या कुटुंबापेक्षा मोठा असतो. अभ्यासिकांच्या खुर्च्या मोजणं हा तिथला सोपा मार्ग आहे, खुर्ची लपवायचं कुणाला कारण नसतं.

हे सगळं शेवटी सर्वसाधारण सभेपुढे जाणाऱ्या डॉकेटला, म्हणजे प्रस्तावाच्या कागदांना, एक पान म्हणून जोडावं. निर्णय कोणता, आकडा कोणत्या तारखेचा आणि कोणत्या सीमेतला, त्यात कोण सुटलं, आणि आकडा किती आला असता तर प्रशासनाने उलट शिफारस केली असती. हा शेवटचा प्रश्न मोजणीच्या आधी लिहून ठेवावा. आणि फेरमोजणीचा खर्च कामाच्या पूर्वगणनपत्रकातच (एस्टिमेटमध्ये) धरावा. वर्षभराने तो वेगळा मागायला गेलं तर तोवर आयुक्त आणि खातेप्रमुख बदललेले असतात, ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं आणि आधीची मोजणी कुणाच्या संगणकात आहे हेही कुणाला ठाऊक नसतं.